थोरली आणि धाकटी

दिवा राहू द्या तसाच, मालवू नका. आणि भाचेबुवा, मध्येच "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. ज्याला भीती वाटते त्यानं आत्ताच आत जाऊन झोपावं. पुढं एकट्यानं उठून जायची हिंमत व्हायची नाही.

ही गोष्ट आमच्या वखारवाल्याची. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही, म्हणून मला सगळं ठाऊक. मार्चमधला दुसरा मंगळवार. रात्री अकराच्या सुमारास अचानक वारा सुटला. वखारीत पॉलिश केलेली दारं उघड्यावर उभी होती, वर नुसती ताडपत्री. सकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. नवा वॉचमन बायकोच्या बाळंतपणाला गेलेला. वहिनी म्हणाल्या, "अहो, सकाळी बघा ना." तो म्हणाला, "ताडपत्री उडाली तर धुळीनं पॉलिशचा सत्यानाश होईल. दोऱ्या आवळतो आणि आलोच." चपला घातल्या आणि निघाला.

आता हा माणूस कसा, ते ऐका. मोठं ते चांगलं, एवढं एकच शहाणपण त्याला ठाऊक. गाडी मोठी, घड्याळ मोठं, आवाज तर विचारू नका. बडा घर, पोकळ वासा! कुठूनशी त्यानं एक नेपाळी खुकरी आणली होती. हातभर लांब, कुऱ्हाडीसारखी जड. मीही एकदा उचलली होती, खोटं कशाला बोलू. पात्याचं सगळं वजन पुढं, मनगट आपोआप खाली ओढलं जातं. जड वस्तू हातात आली की माणसाला वाटतं, आपल्यालाच वजन आलं. ती ऑफिसच्या भिंतीवर टांगायची आणि येईल त्याला दाखवायची. वर करवतीच्या कारागिराकडून तिला वस्तऱ्यासारखी धार लावून घेतलेली. कापायचं काय होतं? डोंबल!

तेव्हाचा वॉचमन नेपाळी होता. सगळे त्याला दाजू म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात हिरवा लोकरी मफलर. कमरेला बापाची जुनी खुकरी, धार लावून लावून झिजलेली, एवढीशी. रात्री फेरी मारताना तिच्या पाठीनं तो फाटकावर दोनदा वाजवायचा. टण... टण. मग फळ्यांच्या थप्पीपाशी, मग पत्र्याच्या शेडवर. ते ऐकलं की आख्खी गल्ली निर्धास्त झोपायची.

वखारवाल्याला ती बघवेना. "ही काय भाजी चिरायची सुरी? लोक काय म्हणतील! आजपासून माझी ही थोरली कमरेला लावायची." धाकटी काढून घेतली आणि टेबलाच्या खणात कुलूपबंद केली.

दाजू म्हणाला, "शेठ, ही भिंतीवरची आहे, कमरेची नाही. हिचं म्यान दोन फळ्यांचं. धारेकडून धरून ओढलं तर पातं म्यान चिरून बाहेर येतं."

"तू मला शिकवतोस?"

एका रात्री हा पार्टीहून पाहुण्यांना घेऊन वखारीत आला. "दाजू, काढून दाखव रे!" दाजू म्यान पाठीकडून धरून, जपून काढत होता. ह्याला धीर कुठला? "काय नव्या नवरीसारखा लाजतोस!" म्हणत ह्यानंच मूठ धरली आणि हिसडा दिला. वजनानं म्यान फिरलं. दाजूच्या चारी बोटांवरून पातं गेलं.

दाजूनं हाताला मफलर गुंडाळला. दवाखान्यात नेलं तर पोलीस विचारतील, म्हणून हा म्हणाला, "हळद लाव, सकाळी बघू." दुसऱ्या दिवशी हा दुपारपर्यंत झोपला. संताप येतो मला अजून.

जखम चिघळली. हात निकामी झाला तसं कामही गेलं. गावी निघताना दाजू एवढंच म्हणाला, "शेठ, माझी धाकटी द्या."

किल्ली ह्याच्या खिशात होती. पण दिली तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं ना! म्हणाला, "सापडत नाही. पाठवून देतो." दाजू वाटेत बसमध्येच वारला. त्याच्या गाववाल्यानं येऊन सांगितलं, मफलर हाताला चिकटला होता, सुटेना. तसाच चितेवर ठेवला.

थोरली परत भिंतीवर गेली.

तर त्या मंगळवारी... ह्यानं दोऱ्या आवळल्या. काम झालं. ऑफिसात दिवा लावून पाणी प्यायला बसला. वारा पडला होता. अर्धा चंद्र मावळत होता.

टण... टण.

फाटकावर.

त्याला वाटलं, कडी हलली असेल. पण वारा कुठं होता?

टण... टण. थप्पीपाशी.

"कोण आहे?"

टण... टण. शेडवर. मग भुशावरून पावलं. सावकाश. फेरी मारणाऱ्या माणसाची.

दाराबाहेर येऊन थांबली.

"शेठ..."

आवाज दमलेला. रागाचा नव्हता, पोरांनो. वखारवाल्यानं स्वतः मला सांगितलं, रागाचा अजिबात नव्हता.

"शेठ... माझी द्या."

खण हाताशी. किल्ली खिशात. उघडायचा, द्यायची, संपलं! पण नाही. ह्याला वाटलं, सूड घ्यायला आलाय. भिंतीकडे झेपावला. थोरली ओढली. डाव्या मुठीत म्यान, धारेकडूनच... आणि हिसडा दिला.

तळहात चिरला. मनगटापर्यंत.

खाली पडला. दिसत होतं, सगळं वाहून चाललंय.

दार उघडलं... कोणीतरी शेजारी बसलं. एवढंच त्याला आठवतं.

पहाटे करवतीचा कारागीर आला, त्यानं उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मनगट इतकं घट्ट कोणी बांधलं? नाहीतर तासाभरात संपला होतात." एका हातानं तशी गाठ बसत नाही, तुम्हीच बांधून बघा.

हात वाचला नाही. हा वाचला. सूड घेतला असता तर बरं झालं असतं, म्हणतो. आता रोज रात्री धाकटी फाटकावर टांगून ठेवतो. सकाळी ती तिथंच असते. न्यायला कोणी येत नाही.

आणि मनगटाला काय बांधलं होतं, सांगू?

नर्सनं गाठ कापून ते कापड उलगडलं. हिरवं, लोकरीचं. ती म्हणाली, "हे ओलं रक्त तुमचं, ते कळलं. पण खाली हे जुनं, वाळून काळं पडलेलं... हे कुणाचं?"