अष्टमीची तारीख

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे दोन्ही हात शाईने निळे झाले होते, आणि नमस्कार करावा की नाही या पेचात त्याने ते तसेच छातीसमोर धरून ठेवले होते. बाहेर जानेवारीतला बारीक, गार पाऊस पडत होता. मी बडा फुहाऱ्याच्या चौकापासून सराफ्यामागच्या गल्लीपर्यंत बिनछत्रीची धावत आले होते, आणि माझ्या वेणीतलं पाणी त्याच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर टपकत होतं. त्याने तो गठ्ठा पायाने बाजूला सरकवला आणि मग स्वतःच ओशाळला.

"माफ करा... हाताने सरकवला असता तर निळा झाला असता."

मी श्रीपादकाकांना शोधत आले होते. जबलपुरात मराठी धड छापणारा छापखाना एकच, काकांचा. लग्नपत्रिका असो, मुंजीची असो की गणेशोत्सवाचा कार्यक्रम, आपली माणसं तिथेच जातात. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून इंदूरची नोकरी सोडून हा त्यांचा मुलगा मशीनसमोर उभा होता. नाव अनुपम. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र निम्मं हिंदीत घसरायचं.

मला पत्रक छापून हवं होतं. वर मोठ्या अक्षरांत, 'आलोक गर्दे निर्दोष आहे. त्याला परदेशाच्या ताब्यात देऊ नका.' पोलिसांचं लफडं नको म्हणून आधी दोन हिंदी छापखान्यांनी मला हात जोडले होते. अनुपमने कागद वाचला. आलोक माझा कोण, विचारलं. मी म्हटलं, मोठा भाऊ. तो म्हणाला, किती प्रती? एवढंच. खरं सांगायचं तर तो मला तिथेच आवडला, हे मी पुढे कितीही दिवस नाकारलं असलं तरी.

दादाची गोष्ट थोडक्यात अशी. नोएडातल्या एका कंपनीत तो आठ महिने कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होता. २०२३ च्या दिवाळीला नोकरी सोडून घरी आला आणि इथेच दुकान थाटलं. त्या कंपनीतली माणसं मागच्या बाजूने परदेशातल्या म्हाताऱ्यांना फोन करून लुबाडत होती. बोभाटा झाल्यावर मालक पळाले आणि कागदांवर संचालक म्हणून सापडला कोण, तर आमचा आलोक. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी नोएडात नोटरीसमोर स्वतः हजर राहून त्याने सही केली, असं त्या कागदावर होतं. सही त्याची नव्हती. पण त्या देशाने त्याला मागितलं, पोलीस आमच्या चेरीतालच्या घरातून त्याला घेऊन गेले, आणि तेव्हापासून तो दिल्लीच्या तुरुंगात होता. खालच्या कोर्टाने पाठवायला हरकत नाही असं म्हटलं होतं. आता हायकोर्टातली मार्चमधली एक तारीख उरली होती. तीही हुकली की विमान.

आमच्या समितीत आई, मी, शेजारच्या बेबीमावशी आणि दादाचे तीन मित्र. दर रविवारी आम्ही बडा फुहाऱ्यावर टेबल मांडून सह्या गोळा करायचो. पत्रकं घेऊन पहिल्या रविवारी अनुपम स्वतः आला. पत्रकं ठेवून जाईल असं मला वाटलं होतं, पण तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून लोकांना थांबवायला लागला. साडी घ्यायला निघालेल्या बायकांना तो इतक्या अदबीने 'दीदी, दो मिनट' म्हणायचा की त्या चक्क थांबायच्या. संध्याकाळपर्यंत त्याच्या वहीत माझ्यापेक्षा चाळीस सह्या जास्त होत्या.

मी म्हटलं, "तुमच्याकडे बायकाच जास्त थांबतात, लक्षात आलंय का?"

"एक थांबली तर पुरे," तो वहीकडे बघत म्हणाला. "बाकी सह्या करून जाऊ देत."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. बेबीमावशींनी मात्र ऐकलं, आणि घरी जाईपर्यंत त्या रिक्षात एकट्याच हसत होत्या.

फेब्रुवारी असाच गेला. तो चहा आणायचा तेव्हा माझ्या कपात साखर नसायची, मी एकदाच सांगितलं होतं. मी छापखान्यात प्रुफं वाचायला जायची तेव्हा खुर्ची खिडकीपाशी, उन्हात ठेवलेली असायची. आम्ही काही बोललो नव्हतो. भाऊ तुरुंगात असताना असल्या गोष्टी बोलायच्या कशा... मला खरंच कळत नव्हतं.

मग आम्ही चार पानी पुस्तिका काढायचं ठरवलं, दादाची सगळी हकीकत असलेली. कोर्टात दिलेलं आईचं ॲफिडेव्हिटही त्यात घालायचं होतं. मजकूर जुळवता जुळवता अनुपमचे हात थांबले.

"शरयूजी, हे चौदा सप्टेंबर कुठून आलं?"

मी सांगितलं. २०२३ मध्ये दिवाळीआधी दादा एकदाच घरी आला होता, बाबांच्या श्राद्धाला. दोन दिवस राहिला, नंतर थेट दिवाळीला. वकिलांनी तारीख विचारली तेव्हा आईने सांगितलं, पितृपक्षातली अष्टमी. दादालाही अष्टमीच आठवत होती. आमच्या घरात श्राद्धाला तारीख कुणी विचारतच नाही. मी तेव्हा बी.एड.साठी नागपूरला होते. म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, अष्टमीखालची तारीख उतरवली आणि पुढे २०२३ लिहिलं.

"भिंतीवर कोणत्या सालचं होतं?"

ॲफिडेव्हिट गेल्या वर्षी, २०२५ मध्ये केलं होतं. भिंतीवर गेल्या वर्षीचंच कॅलेंडर होतं.

अनुपम उठला आणि मागच्या कपाटातून एक जाड फाइल घेऊन आला. जे जे छापतील त्याची एक प्रत काका फाइलला लावतात. त्याने २०२३ च्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम काढला. श्रींची स्थापना, मंगळवार, १९ सप्टेंबर. त्या वर्षी अधिक श्रावण होता आणि पुढचे सगळे सण उशिरा आले होते.

"गणपती बसायच्या आधी पितृपक्ष कसा येईल?" तो हळूच म्हणाला. मग त्याने जुनं पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे सरकवलं. अष्टमी, शुक्रवार, ६ ऑक्टोबर.

ज्या दिवशी दादाने नोएडात सही केली म्हणून त्याला धरलं होतं, त्या दिवशी तो चेरीतालच्या घरात बाबांना पिंड देत होता. आणि तो त्या दिवशी नोएडात होता हे आमच्याच कागदावर, माझ्याच अक्षरात लिहून मी कोर्टाला दिलं होतं. समोरच्या वकिलाने ते वाचून दाखवलं होतं आणि आम्ही मुकाट ऐकलं होतं. मी स्टुलावर बसले. मला रडू आलं नाही, नुसती स्वतःची किळस आली.

अनुपमने माझी समजूत घातली नाही. त्याने एकच विचारलं, श्राद्धाच्या वेळी या छापखान्यातून काही छापून घेतलं होतं का? मला आठवलं. बाबांच्या स्मरणार्थ वाटायला स्तोत्रांची छोटी पुस्तिका, मागे बाबांचा फोटो. माल नेणाऱ्याची सही घ्यायची चालानबुकं काका वर्षानुवर्षं ठेवतात. तासभर धूळ खाल्ल्यावर ते पान सापडलं. चालान क्रमांक ३११, स्तोत्रपुस्तिका शंभर प्रती, ६ ऑक्टोबर, सकाळी साडेआठ. खाली दादाची सही, 'आ'ला लांब शेपूट असलेली, त्याची नेहमीची.

दुसरा कागदी पुरावा नव्हता. दादा मित्राच्या गाडीतून आला-गेला होता, गुरुजी वारले होते, आणि श्राद्धाचे फोटो कोण काढतं? दादाचं सगळं आता त्या एका कागदावर होतं.

दिल्लीच्या आमच्या वकील पूर्णिमा मॅडम फोनवर आधी आनंदल्या आणि मग सावध झाल्या. चूक माझी होती हे मला शपथेवर कबूल करावं लागेल, त्यावरून मला झापलंही जाईल. चालानबुकाबद्दल अनुपमला शपथेवर लिहावं लागेल. मग त्यांनी विचारलं, या मुलाचा तुमच्याशी काही संबंध? असला तर समोरचे म्हणणार, सही नंतर करून घेतली. मी म्हटलं, काहीच नाही. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी छापखान्यात गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं की तारखेपर्यंत आपण भेटायचं नाही. रविवारी टेबलावर यायचं नाही, फोन करायचा नाही.

"हे वकिलांचं म्हणणं आहे की तुमचं?"

"माझं. दादा आत आहे त्याला माझाही हात लागलाय, अनुपम. आता माझ्यामुळे आणखी काही बिघडायला नको."

त्याने मान हलवली. खिडकीपाशी खुर्ची होतीच. मी तिच्याकडे न बघता बाहेर पडले.

पुढचे तीन आठवडे मी फक्त काम केलं. ३११ चालान नंतर घुसडलेलं नाही हे दाखवायचं तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गिऱ्हाइकांकडच्या कार्बन प्रती हव्या होत्या. ३१० क्रमांक ग्वारीघाटच्या एका घरच्या, नवरात्रातल्या साठीशांतीचा, ३१२ मंडळाच्या कोजागिरीचा. साठीशांतीवाल्या काकूंनी पत्रिकेबरोबर चालानही आहेराच्या वहीत चिकटवून ठेवलं होतं. मी त्यांच्या पायाच पडले. पहिल्यावर ५ ऑक्टोबर होती, दुसऱ्यावर ६ दुपार. बरोबर मधे आमचं.

तारखेच्या पाच दिवस आधी मॅडमनी अनुपमचं ॲफिडेव्हिट फोनवर पाठवलं. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. पहिली सहा कलमं छापखान्याची, चालानबुकाची. सातवं असं होतं :

'अर्जदाराची बहीण शरयू हिला मी या वर्षी जानेवारीत प्रथम भेटलो. माझं तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्याशी लग्न करायची माझी इच्छा आहे. मी तिला अजून विचारलेलं नाही. चालानावरची सही या ओळखीच्या दोन वर्षं आधीची आहे.'

मी फोन आईच्या हातात दिला. आईने चष्मा लावून स्वतः वाचलं.

"काहून गं, हा पोरगा काय लिहून राहिला?" ती म्हणाली. "आपल्याला सोडून आधी कोर्टालाच सांगितलं यानं."

मी गच्चीवर जाऊन त्याला फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही, पण भांडले.

"शपथेवर लिहायचं होतं," तो म्हणाला. "मॅडमने पूछा, कोई संबंध? एका चुकीच्या कागदाने तुमचा भाऊ आत आहे. दुसरा चुकीचा कागद मी काहून देऊ?"

भांडण संपलं तरी फोन मी बराच वेळ ठेवला नाही, आणि त्यानेही नाही.

व्हायचं तेच झालं. हायकोर्टात समोरच्या वकिलांनी सातवं कलम मोठ्याने वाचलं. हा साक्षीदार प्रेमात पडलेला आहे, तो वाटेल ते कागद आणेल, असं म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. अनुपम माझ्या मागच्या बाकावर होता, मी वळले नाही.

न्यायमूर्तींनी विचारलं, बहीण हजर आहे का? मी उभी राहिले. जुन्या ॲफिडेव्हिटमधली तारीख कोणी लिहिली, त्यांनी हिंदीत विचारलं. मी म्हटलं, मी, चुकीचं कॅलेंडर बघून. त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या, दादाला नको.

"और ये सात नंबर?"

नाही म्हणणं सोपं होतं. एकतर्फी असेल, मला ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तरी कागदाचं वजन वाढलं असतं. आई माझा पदर धरून बसली होती. एक अर्धसत्य मी आधीच बोलून बसले होते... आणि या खटल्यात आता आमच्याकडे खऱ्याशिवाय काहीच उरलं नव्हतं.

"सच है, साहब," मी म्हटलं. "मेरी तरफ़ से भी."

या वेळी कोणी हसलं नाही. न्यायमूर्तींनी तिन्ही चालानं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघितली. निकालात त्यांनी लिहिलं, ज्याला कागद बनवायचा असतो तो स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट स्वतःहून लिहून देत नाही. खालच्या कोर्टाचा आदेश रद्द झाला. चौकशी नव्याने होईल, तोवर आलोक गर्देला देशाबाहेर पाठवायचं नाही, आणि जामीन.

अकरा दिवसांनी दादा जबलपूरच्या फलाटावर उतरला. किती वाळला होता. समितीची माणसं हार घेऊन आली होती, पण आईने त्याला कोणाला हात लावू दिला नाही. अनुपम लांब, पाण्याच्या नळापाशी उभा होता. आईच्या खांद्यावरून दादाने त्याला बोटाने बोलावलं.

"वकिलांनी मला आत तुमचा कागद वाचायला दिला होता," दादा म्हणाला. "अजून विचारलं नाही, असं लिहिलं आहे तुम्ही."

"नाही विचारलं अजून."

"काहून?"

अनुपमने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. "घरात हो म्हणायला मोठं माणूस नव्हतं ना, दादा. तुम्ही यायची वाट बघून राहिलो होतो."

दादाने नुसता माझा हात धरून मला पुढे केलं. मग अनुपमने विचारलं, तिथेच, हमालांच्या गर्दीत, सबंध मराठीत, एकही शब्द हिंदी न येऊ देता. मी हो म्हटलं आणि दादाच्या गळ्यात पडून, पोलिसांनी त्याला नेल्यापासून पहिल्यांदाच, पोटभर रडले.