चार नंबरची बोट

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या आत्यावर गुदरलेला प्रसंग आहे, आणि त्याची केस आजही कोर्टात चालू आहे. म्हणूनच गावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्हा, तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाणारा रस्ता, इतकंच पुरे.

साल २०१३. जुलै महिना.

अशा गोष्टी अमावास्येच्या रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी सुरू झाली.

गावाच्या डोक्यावर एक लहान तलाव आहे. मातीची जुनी पाळ, म्हणजे बांध. पुढे तिथे बाग झाली, झोपाळे आले, सिमेंटचा एक जिराफ उभा राहिला, आणि पाण्यात पायाने चालवायच्या सात बोटी सोडल्या. रविवारी गर्दी व्हायची. पाळीच्या पायथ्याशी माझ्या चंद्रकलाआत्याचा चहा-भज्यांचा ठेला होता. तिथून खाली शंभर पावलांवर शाळा, आणि शाळेला लागून तीस-पस्तीस घरं.

तलावावर आनंदराव नावाचे चौकीदार होते. साधा माणूस. त्यांना एकच ध्यास... पाळ गळते.

आठ वर्षं ते अर्ज करत होते. अर्ज आधी आत्याला वाचून दाखवायचे.

"चंद्राबाई, पाणी निवळ आलं तं भेवाचं काम नाही. गढूळ आलं तं समजजा, पाळ आतून खाऊन राहिली."

"च्या घ्या भाऊ, न घरी जा," आत्या म्हणायची.

एकदा ते म्हणाले, "साक्षीदार म्हणून खाली तुमची सही द्या. एकट्याचं कोणी आयकून नाही राहिलं."

आत्याने सही केली नाही. "मले नाही पडाचं यात. उद्या माहा ठेला उचलून नेतीन."

त्या वर्षी मार्चमध्ये आनंदराव काविळीने गेले. घरीच, खाटेवर. बायको मुलीकडे नागपूरला निघून गेली. घराला कुलूप लागलं.

नवा चौकीदार आलाच नाही.

जुलैमध्ये पावसामुळे बोटी बंद होत्या. सातही बोटी घाटाला एका साखळीत, वर कुलूप. चावी ताराचंदजवळ. हा पोरगेला बाप्या बोटींची तिकिटं फाडायचा.

दुपारचे दोन वाजले असतील. बागेत चिटपाखरू नव्हतं. आत्या कढई घासत होती.

अचानक बेडूक गप्प झाले.

सगळे. एकदम.

मग आवाज आला...

टक.

टक.

टक.

आत्या पाळीवर चढली. चार नंबरची बोट पाळीच्या मध्यावर येऊन दगडांवर आपटत होती. हवा नव्हती. पाणी आरशासारखं. बोटीत कोणी नव्हतं.

पण बोटीचे पायडल... फिरत होते.

हळूहळू. दमलेल्या माणसाने मारावेत तसे.

आत्याने ताराचंदला हाक मारली. तो येईपर्यंत पायडल थांबले होते.

"काकू, हवेनं आली असन."

"कुलूप हवेनं खुलते का रे?"

ताराचंदने घाटावर जाऊन पाहिलं. कुलूप लागलेलं होतं. साखळी धड होती. त्यात सहा बोटी होत्या.

तो तसाच मागे फिरला. बोट ओढून आणली, साखळीला दुसरं कुलूप ठोकलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी दोन वाजता बोट पुन्हा त्याच जागी.

तिसऱ्या दिवशीही.

त्या दिवशी आत्या दगडांवरून खाली उतरली. बोटीच्या शेजारी पाण्यात ताटाएवढा भोवरा होता. गोल गोल... पालापाचोळा आत जात होता, वर येत नव्हता.

ती पाळीच्या दुसऱ्या बाजूला धावली. गवत बाजूला केलं. पायाखाली पचपच झालं.

पाणी झिरपत होतं. चहासारखं गढूळ.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आत्या भंडाऱ्याला तलावाच्या कचेरीत गेली. तिथल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "तलावाचा नंबर?"

"नंबर मले काय माहीत? पाळ फुटून राहिली न, साहेब."

"बाई, जिल्हा वेगळा झाला तेव्हा याची फाईल गोंदियाला गेली. नकाशा तिकडेच आहे. तिकडे विचारा."

आत्या गोंदियाला गेली. तिथे म्हणाले, तलाव भंडाऱ्यात आहे, इथे कशाला आलात?

ती पुन्हा भंडाऱ्याला आली. "अर्ज द्या," बाबू म्हणाला. तिने अर्ज दिला. "साक्षीदार कोण?" तिने ताराचंदला विनवलं. ताराचंद म्हणाला, "काकू, माही नवकरी जाईन."

आत्याला आपलेच शब्द कोणीतरी तोंडावर मारावेत तसं झालं.

अर्ज साक्षीदाराविनाच राहिला, तरी आठव्या दिवशी कचेरीतून जीपने एक साहेब पाहणीला आले. दुपारचे दोन वाजले होते. ते जिराफाजवळ उभे राहिले.

"कुठे आहे गळती?"

"तिकडं, साहेब. गवतात. चाला, दाखवतो."

"साप असतील. इथूनच दिसते मला. पाळ तर सरळ आहे."

आणि तेवढ्यात...

टक. टक. टक.

या वेळी आवाज मोठा होता. कोणी दारावर मूठ आपटावी तसा.

"आयकलं? साहेब, आयकलं न?"

"काय?"

"हा आवाज!"

साहेबांनी ताराचंदकडे पाहिलं. ताराचंदने मान हलवली. त्यालाही काही ऐकू येत नव्हतं. साहेब हसले, कागदावर सही केली, जीपमध्ये बसले.

जीप वळणाआड गेली तरी आवाज थांबला नाही. आत्या दोन्ही कान दाबून ठेल्यात बसून राहिली. गावात मात्र बोलणं सुरू झालं, आनंदरावचा रोग चंद्राबाईला लागला.

मग दोन दिवस पाऊस थांबलाच नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे, नुकतं फटफटत होतं. पाऊस थोडा उघडला होता. आत्या ठेल्याकडे आली, तर ठेल्यातून लाल पाणी वाहत होतं. चूल वाहत जाऊन बागेच्या तारेला अडकली होती. तलाव काठोकाठ भरला होता.

ती घराघरात ओरडत गेली. "उठा, पाळ चालली!" दोन-तीन दारं उघडली. लोकांनी पाहिलं आणि पुन्हा लावून घेतली.

आता एकच उपाय होता. पाणी सोडायचं.

पाळीच्या टोकाला ओट्यावर दरवाजाचं लोखंडी चाक आहे. ते फिरवलं की पाणी पाटात जातं. पण चाक गंजून बसलेलं. उन्हाळ्यात चार बाप्यांनी लोखंडी सब्बल लावून पाहिली होती, इंचभर हललं नव्हतं.

आत्याने पदर खोचला आणि चाकाला हात घातला. जोर लावला. हाताची कातडी निघाली.

चाक ढिम्म.

तिला रडू आलं. भीतीचं नव्हे, रागाचं. तिने चाकावर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "आनंदरावभाऊ, मी सही द्याले पायजे होती."

बेडूक गप्प झाले.

आणि चाक...

फिरलं.

तिने ओढलं नव्हतं. चाकाच्या पलीकडून कोणीतरी ओढत होतं.

आत्या सांगते, "मी मान वर नाही केली. चाकाकडंच पाहत राहिलो. तिकडून जोर लागे, मंग मी लावो. नऊ फेरे झाले."

खाली पाटात पाणी धडाडलं.

तिने मान वर केली तेव्हा समोर कोणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पाणी पुरुषभर उतरलं. तेव्हा सगळ्या गावाने पाहिलं. पाळीला आतून भगदाड पडलं होतं. माणूस उकिडवा बसेल एवढं.

गावाने आत्याला हारतुरे घातले असतील, असं तुम्हाला वाटेल.

तिच्यावर केस झाली. परवानगीशिवाय दरवाजा उघडला, सरकारी मालमत्तेशी छेडछाड केली, पाटाखालच्या चार बांध्यांतली भाताची रोवणी वाहून गेली. भगदाड आठ दिवसांत बुजवलं. बागेच्या फाटकावर नवी पाटी लागली... 'तलाव सुरक्षित आहे.'

हवालदाराने जबाब घेतला.

"दुसरा कोण होता?"

"कोणीच नाही. मी एकटीच."

"चार बाप्यानं नाही हाललं ते चाक तू एकटीनं फिरवलं? तुमच्या गावातली शकुंतलाबाई पाटावर होती. तिनं दोघं पाहिले. एक तू. समोर एक माणूस, पाठमोरा."

आत्या तरी काय सांगणार? नाव सांगितलं तर वेडी, नाही सांगितलं तर साथीदाराला लपवते.

कागदावर आलं, आरोपी क्रमांक दोन, अनोळखी इसम.

तारखा पडत गेल्या. दर तारखेला तोच प्रश्न, दुसरा कोण? तीन वर्षांनी ती चिडून ओरडली, "आनंदराव! आनंदराव गोमाजी लांजेवार! लिवा!"

कारकुनाने लिहून घेतलं. आत्याच्या वकिलाने माणूस वारल्याचं सांगितलं, तर उत्तर आलं, मृत्यूचा दाखला आणा. दाखला मागायला गेली, तर नोंद सापडेना. समन्स निघालं.

नवीन शिपाई ते घेऊन आनंदरावांच्या बंद घरी गेला.

समन्स तामील होऊन परत आलं.

त्यावर सही होती. मी स्वतः पाहिली आहे. आनंदराव गो. लांजेवार. शिपाई म्हणाला, ओट्यावर एक म्हातारा बसला होता, मुकाट्याने सही करून दिली.

मागच्या तारखेला मी आत्यासोबत गेलो होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आत पुकारा झाला.

"आनंदराव गोमाजी लांजेवार..."

आत्याने मला कोपराने ढोसलं. हळूच म्हणाली, "वीरेंद्र, जरा सरक."

मी सरकलो. आमच्या मधे एका माणसाची जागा झाली. व्हरांड्यात इतकी गर्दी की लोक भिंतीला टेकून उभे होते. त्या जागेवर कोणी बसलं नाही.

तीनदा पुकारा झाला. मग आतून आवाज आला, आरोपी क्रमांक दोन गैरहजर, पुढची तारीख.

आत्याने कपाळावर हात मारला.

पुढची तारीख येत्या चौदाला आहे. आत्या म्हणते, संगं चाल.

मी अजून हो म्हटलेलं नाही.