गोळी वाजली की हरलात

लतिका मॅडमनी वाचनालयातून बाहेर काढलं, तेव्हा छाया रडली-बिडली नाही. पुस्तक उचललं, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन बसली आणि जिथं अडवलं होतं तिथून पुढं वाचायला लागली — मोठ्यानं, खणखणीत आवाजात. पाऊस रिपरिपत होता. शेवटी तिला दम लागला आणि ती थांबली.

"थांबलात का? ती मास्तरीण एस.टी.त चढली की नाही?"

छाया दचकली. सायकलींच्या पलीकडे एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि डोळे मिटलेले.

"चोरून ऐकत होता?"

"चोरून कसलं? तुम्ही तर दवंडी पिटत होता!" त्यानं एक डोळा उघडला. "मी मयुरेश. चढली का ती?"

"…चढली," छाया म्हणाली आणि तिला हसूच आलं.

आता एवढ्या मोठ्या मुलीला मोठ्यानं वाचायची सवय का, ते सांगायला हवं. छायाच्या वडिलांची, सावळीरामांची, मखमलाबादला झेंडूची आणि गुलछडीची बाग. संध्याकाळी सगळं घर हार ओवायला बसायचं. छायाचे हार मात्र बाजार गाठायच्या आतच सुटायचे. "तुझ्यानं हार व्हायचा नाय बाई," आई म्हणाली, "तू आपली वाच. आमचे हात चालू, कान तर रिकामेच हाय." तेव्हा छाया तिसरीत होती. पेपर, दिवाळी अंक, शेजारच्या पोथ्या, जे हाती लागेल ते ती वाचत गेली. जरा थांबली की आई विचारायची, "मुकी झाली का गं?" त्यामुळे वाचणं म्हणजे बोलणं, एवढंच पोरीला ठाऊक. ओठ मिटले की समोर नुसती अक्षरं राहायची, अर्थ काही केल्या डोक्यात शिरायचा नाही.

कॉलेजात हे अंगाशी आलं. एफ.वाय.च्या परीक्षेत तिनं प्रश्नपत्रिका मोठ्यानं वाचायला घेतली. पर्यवेक्षक अंगावर आले, ती गप्प झाली आणि तिथंच सगळं फसलं. दोन विषय राहिले. "ऑक्टोबरात सुटले तर ठीक," सावळीराम म्हणाले, "नायतर कॉलेज बास. बागेत माणूस मिळत नाय." त्यांनी एकदा म्हटलं की म्हटलं. म्हणून छाया मनातल्या मनात वाचायचा सराव करायला वाचनालयात आली होती, आणि पहिल्याच दिवशी बाहेर निघाली होती.

मयुरेश अंबडच्या कारखान्यात कामाला होता. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस त्याला वाचनालयाजवळच्या सीबीएस स्टँडवर सोडायची आणि देवळाली कॅम्पच्या गाडीला वेळ असायचा. तेवढा वेळ तो या पत्र्याखाली काढायचा. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता, तिसऱ्या दिवशीही. छायाची कादंबरी पुढं सरकत राहिली. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ऐकू येईना, मग तो एक सायकल ओलांडून अलीकडे सरकायचा. पाऊस थांबला तरी परत मागं जायचा नाही. ते छायाच्या लक्षात आलं होतं.

"तुम्हाला स्वतःला वाचता येत नाही का हो?"

"येतं की. पण दिवसभर कानांत प्रेस मशीनचा धडधडाट. तुमचं वाचणं ऐकलं की… कान धुऊन निघतात."

"अगं बाई! म्हणजे मी काय न्हाणीघर?"

तो इतका हसला की खिडकीतून लतिका मॅडम डोकावल्या. मग छायानं त्याला परीक्षेचं सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं खिशातून लिमलेटची गोळी काढली.

"ही दाढेत धरायची. चावायची नाही, हलवायची नाही. आणि वाचायचं. गोळी वाजली की हरलात."

पहिले काही दिवस ती नुसती हरली. गोळी खटखट वाजायची आणि तो बोट दाखवून हसायचा. मग एका दुपारी गोळी वाजलीच नाही. पान उलटलं, आणखी एक उलटलं. कादंबरीतल्या मास्तरणीची आई गेली, आणि ते जगात एकट्या छायालाच कळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"काय झालं?" मयुरेशनं विचारलं.

तिनं मान हलवली. सांगावंसंच वाटेना. आजवर वाचलेलं सगळं सगळ्यांचं होतं, हे एवढं तिचं एकटीचं होतं. मयुरेश बराच वेळ तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जमलं तुम्हाला," आणि लवकर निघून गेला.

ऑक्टोबरात दाढेत गोळी धरून तिनं दोन्ही पेपर लिहिले. लतिका मॅडमनी तिला आत खिडकीपाशी खुर्ची दिली. छाया ऐटीत बसू लागली, एकेक पुस्तक गुपचूप संपवू लागली. बाहेर मयुरेश काही दिवस वर्तमानपत्र धरून बसला, पान न उलटता. मग यायचाच बंद झाला. छायाचा जीव कशात लागेना. ती कादंबरी तिनं तशीच ठेवली होती. शेवटचं प्रकरण उघडायची आणि मिटायची.

निकाल लागला, दोन्ही विषय सुटले. सावळीराम नुसतं "बरं" म्हणाले, पण गुलछडीचा मोठा हार त्यांनी तिच्या फोटोला… छे, पुस्तकांच्या फळीला घातला. छायानं मात्र कादंबरी उचलली आणि थेट सीबीएस गाठलं. कॅम्पच्या गाडीपाशी निळा शर्ट उभा होता.

"पास झाले."

"माहीत होतं," तो म्हणाला. चेहरा मात्र पडलेलाच.

"मग यायचा का थांबलास?" 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"काय करू येऊन? तुझा आवाज मीच बंद केला. शहाणा मी!" तो तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत म्हणाला. "संपवलं असशील."

"शेवटचं प्रकरण राहिलंय. तुझ्याशिवाय वाचवेना."

मयुरेश गोंधळला. त्यानं सवयीनं खिशात हात घातला आणि लिमलेटची गोळी पुढं केली. छायानं कागद सोडला आणि गोळी सरळ त्याच्याच तोंडात घातली.

"आता तू गप्प. मी बोलते. मला तू आवडतोस. मनातल्या मनात खूपदा म्हणून पाहिलं… भागत नाही."

हे ती बोलली तेही खणखणीतच. वणीच्या देवीला निघालेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "बसायचंय का नाही?" कंडक्टर ओरडला. मयुरेशनं घाईघाईनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि गोळी दातांवर खटकन वाजली.

"हरलास," छाया म्हणाली. ती स्टँडवरच्या बाकावर बसली, त्याच्यासाठी जागा करून तिनं शेवटचं प्रकरण उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. कॅम्पची गाडी निघून गेली.