डावा बूट

टोबी बॅगशॉची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. इंग्लंडमधल्या वर्क्सवर्थ गावच्या चढावरची टपालाची फेरी त्याच आठवड्यात माझ्याकडे आली होती. सत्तावीस नंबरची बेल वाजवली, कोणी आलं नाही. बाजूच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत लोखंडी स्टँडवर चढवलेली एक बुटकी, बिनछपराची हिरवी गाडी – जुनी मिजेट – आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन बूट. टाचा जमिनीवर, चवडे बाहेरच्या बाजूला कललेले.

"पार्सल आहे," मी म्हणाले.

बूट हलले नाहीत.

"मिस्टर बॅगशॉ?"

पत्र्यावर गारा वाजत होत्या. मी आणखी दोनदा हाक मारली. मग पार्सल खाली टाकलं, दोन्ही घोटे धरले आणि होती नव्हती ती ताकद लावून ओढलं. पुठ्ठ्यावरून घसरत एक लांबलचक माणूस बाहेर आला. कानांत इयरफोन, हातात पाना, कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"सही हवी असेल तर मागायची पद्धत असते," तो म्हणाला.

"मी चार हाका मारल्या."

"मग पाचवी मारायची. पाय कशाला उपटता?"

"तुम्ही मेलात असं वाटलं."

तो हसला. मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली आणि हसू थांबलं. मी हात टपालाच्या पिशवीत घातले.

"काढलेली चाकं भिंतीला कशाला टेकवलीत?" मी विचारलं. "गाडीखाली सरकवा. स्टँड सुटलाच तर गाडी चाकांवर बसेल, तुमच्यावर नाही."

"पोस्टबाईंना गाड्यांतलं कळतं वाटतं."

"एवढंच कळतं," मी म्हणाले. सही घेतली आणि निघाले. गल्लीच्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी चाकं गाडीखाली होती. टोबीही गाडीखालीच होता. मी पत्रांचा गठ्ठा त्याच्या बुटाच्या तळव्यावर आपटला.

"जिवंत?"

दोन सेकंद काहीच झालं नाही. मग डावा बूट हलला.

"आजपासून डावा म्हणजे हो," आतून आवाज आला. "उजवा म्हणजे नाही. माझे हात मोकळे नसतात, पोस्टबाई. पत्रं दाराच्या फटीत अडकवा. गाडीच्या दाराच्या. घराच्या दारातली पत्रं मी आठवडाभर बघत नाही."

मिजेटचं दार बंद असलं की त्याच्या मागच्या कडेला वर एक फट राहायची. जाड पाकीट आरामात जायचं. मी पत्रं तिथे खोचायची, त्याच्या तळव्यावर टकटक करायची आणि एक प्रश्न विचारायची.

"चहा झाला?" उजवा.

"गाडी या वर्षी रस्त्यावर येणार?" डावा.

"खरं सांगा." बराच वेळ काही नाही. मग उजवा.

टकटक आणि उत्तर यांच्यात दोन सेकंद जायचे. त्या दोन सेकंदांत मी बुटावरची नजर हलवत नसे. तरी पुढच्या घरांची पत्रं मी भराभर वाटत असे, म्हणजे उद्या सत्तावीस नंबरला जास्त वेळ मिळेल.

टोबी दुपारी दोननंतर बेलपरची बस चालवायचा. सकाळ गाडीची. जुना चार गिअरचा खोका काढून त्याला पाच गिअरचा बसवायचा होता, त्यासाठी मधला पत्रा ठोकून रुंद करायचा होता. हळूहळू मला चहाचा थर्मास भिंतीवर ठेवलेला मिळू लागला. मग बेकन घातलेला ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं. मग 'तुम्ही' गेलं.

"तुझ्या लाल रबरांनी अंगण भरलंय," एकदा तो म्हणाला. गठ्ठ्यांची रबरं आम्ही टपालवाले जाऊ तिथे सांडतो. "रोज एक. मोजून."

"मग झाडून काढ."

"मी काय करायचं ते करतो." त्याने चहा पुढे केला. "ते चाकांचं तुला कोणी शिकवलं, हेझेल?"

"बाबांनी. म्हणजे... शिकवलं नाही. त्यांनी चाकं घातली नव्हती."

मी सांगून टाकलं.

"मी अकरा वर्षांची होते. चहा घेऊन गेले. गाडी जॅकवर होती, खाली खडी, त्यात जॅक रुतला होता. मी पायरीवर बसून शाळेतलं सगळं सांगत होते. दहा मिनिटं त्यांच्या बुटांशी बोलत होते. चहावर साय आली तेव्हा माझ्या लक्षात आलं."

टोबीने माझा कप पुन्हा भरला. म्हणाला, "तरी रोज येतेस."

"टपाल असतं."

"काल नव्हतं. काल तू मला चौतीस नंबरचं पत्र दिलंस."

आईला मी घरी सांगितलं की एक मुलगा आहे, बस चालवतो. तिला आवडलं. सकाळी काय करतो म्हणाली. मिजेट दुरुस्त करतो, मी म्हणाले. तिने कप बशीत ठेवला आणि उठून खिडकीपाशी गेली. "घरी?" एवढंच विचारलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोबी भलताच खुशीत होता. दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या कुजल्या होत्या. आधीच्या कोणा मालकाने आत वर्तमानपत्र कोंबून वरून लांबी फासली होती. ते सगळं त्याने कापून काढलं होतं. "आतलंही आणि बाहेरचंही," तो म्हणाला. "आता नवा पत्रा जोडायचा."

मला ते खटकलं, पण काय खटकलं ते सांगता येईना. गुरुवारी कळलं.

गुरुवारी त्याच्या नावाचं एकच टपाल होतं – दाताच्या डॉक्टरचं आठवणीचं कार्ड. मी ते फटीत खोचायला गेले. गेलं नाही. उलटं करून पाहिलं. कोपरा दुमडला. जिथे काल गाडीच्या क्लबचं जाडजूड मासिक मावलं होतं, तिथे आज एक कार्ड जात नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. बिनछपराच्या गाडीला कणा नसतो, बाबा म्हणायचे. तिला सरळ धरतात त्या दारांखालच्या दोन पट्ट्याच. त्या दोन्ही त्याने कापल्या होत्या, दारांच्या जागी आडवा रॉड न जोडता. स्टँड पुढे दोन, मागे दोन, मध्ये काही नाही. गाडी मधोमध वाकत होती. दाराची फट मिटत होती. आणि त्याच्या खाली टोबी होता, तारेचा ब्रश घुर्र घुर्र फिरवत.

मी वाकून तळव्यावर टकटक केली. गाडीला धक्का लागू नये म्हणून पिशवी आधी बाहेर ठेवली. डावा बूट लगेच हलला. ठीक आहे म्हणे.

मी बूट घट्ट धरला. ब्रशचा आवाज थांबला.

"टोबी, ब्रश खाली ठेव. गाडीला हात लावू नकोस. सरळ बाहेर ये."

"दोन मिनिटं, एवढा कोपरा—"

"दाराची फट मिटली आहे."

त्याला त्याचा अर्थ माझ्याहून लवकर कळला. पाय बाहेर सरकले, गुडघे आले, आणि थांबले. वर कुठेतरी पत्रा कण्हला.

"हेझेल," तो अगदी हळू म्हणाला, "माझं स्वेटर अडकलंय. खांद्याच्या मागे, हँडब्रेकच्या हुकात. मी ओढलं की गाडी हलते."

"ओढू नकोस."

"नाही ओढत."

"हात पोचतो?"

"नाही."

बाबांच्या त्या दिवसानंतर मी कुठल्याही गाडीखाली नुसतं डोकावलेसुद्धा नव्हते. चेंडू गेला तरी तो तिथेच राहायचा. आता मी जाकीट काढलं, ओल्या काँक्रीटवर आडवी झाले आणि कुशीवर सरकत आत गेले. वरचा पत्रा कानाला लागत होता. गंजाची पूड डोळ्यांत पडली. तेलाचा वास, लोकरीचा वास, आणि त्याचा चेहरा माझ्यापासून चार बोटांवर. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. पापण्यांवर गंज बसला होता.

"तू थरथरतेस," तो कुजबुजला.

"थंडी आहे."

"खोटं."

"बोलू नकोस. श्वास बेताने घे."

मी त्याच्या खांद्यावरून हात घातला. हुक सापडला, त्यात लोकरीचा एक वेढा घट्ट बसलेला. माझी बोटं बारीक आहेत, टपालाच्या फटींत जाऊन जाऊन सवयीचीही. एक धागा सुटला. दुसरा. पत्रा पुन्हा कण्हला आणि माझ्या हाताला तो खाली आल्याचं कळलं. केसभर. मी डोळे मिटले आणि बोटांनीच काम चालू ठेवलं.

"हेझेल, तू बाहेर जा."

"गप्प बस, बॅगशॉ."

वेढा निघाला. "आधी तू," मी म्हणाले. "आधी तू," तो म्हणाला. शेवटी दोघं एकदमच सरकलो, दोन बाजूंनी. तो माझ्या बाजूला धावत आला, मला काखेत धरून उभं केलं आणि दारापर्यंत नेलं.

आम्ही अंगणातल्या भिंतीवर बसलो. तीन-चार मिनिटं झाली असतील. मागचा एक स्टँड तिरपा झाला आणि गाडी सावकाश, कुरकुरत, एका बाजूने खाली बसली. चाकांवर. त्या चाकांमुळे खाली वीतभर जागा उरली. वीतभर जागेत माणूस मावतो का, याचा विचार दोघांनीही केला असावा.

मग मी खिशातून कार्ड काढलं. "तुझ्या दातांची शुक्रवारची वेळ आहे," म्हणाले, आणि रडायला लागले.

त्याने काळ्या हातांनी माझे हात धरले. मी ते सोडवून घेतले.

"मला हे रोज जमणार नाही," मी म्हणाले. "रोज बुटांना विचारणं... मला नाही जमणार, टोबी."

दुसऱ्या दिवशी मी माझी फेरी टपाल ऑफिसातल्या मॉरीनला दिली.

पण टपाल आम्ही सगळे सकाळी सहा वाजता एकाच खोलीत लावतो. सोमवारी मॉरीनने एक पोस्टकार्ड माझ्यासमोर टाकलं. "हा तुझा सत्तावीस नंबर. स्वतःच स्वतःला लिहायला लागलाय. डोकं फिरलं काय त्याचं?"

प्रिय बॅगशॉ, असं कार्डावर लिहिलं होतं, आज गाडी हळूहळू वर घेतली. मधोमध चार नवे स्टँड घातले. दात ठीक आहेत. – तुझा, बॅगशॉ.

मंगळवारी: प्रिय बॅगशॉ, दोन्ही दारांच्या जागी आडवे रॉड जोडले. हे आधी करायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

बुधवारी: प्रिय बॅगशॉ, आज कामच केलं नाही. घरात दुसरं कोणी नसताना गाडीखाली जायचं नाही, असा नियम केला आहे. घरात कोणीच नसतं, ही अडचण आहे.

"ही कार्डं तुला आहेत," मॉरीन म्हणाली. "मी काही येडी नाही. फेरी परत घे, तो चढ माझ्या गुडघ्यांना सोसत नाही."

मी आठ दिवस विचार केला. भीती जाते का, याची वाट पाहिली. ती गेली नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांना तिथे चाकं घाल म्हणणारं कोणी नव्हतं. मी आत टीव्ही बघत होते."

रविवारी टपाल नसतं. मी अकरा दहाला गेले. गॅरेजमध्ये टोबी स्टुलावर बसून होता, हात स्वच्छ. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्यावर लाल रबरांचा झुबका.

"ही कशाला ठेवलीस?" मी विचारलं. "मिजेटला काही उपयोग आहे?"

"मिजेटला नाही."

त्याचे कान लाल झाले. मी गाडीकडे पाहिलं. दारांच्या जागी रॉड, खाली आठ स्टँड, त्यांच्यामध्ये चाकं. गाडीला धक्का मारून पाहिला, मग दोन्ही हातांनी. हलली नाही.

"गिअरबॉक्स बसलाय, खाली न जाता," तो म्हणाला. "वरचा एक बोल्ट राहिलाय. माझा हात जात नाही. बारीक हात लागतो. पण मी तुला विचारणार नाही."

"चांगलं केलंस," मी म्हणाले, आणि पुठ्ठ्यावर आडवी झाले.

आत अंधार होता, तोच वास. बोल्ट सापडला, पाना बसला, मी फिरवायला लागले. बाहेर टोबीचे पाय येरझाऱ्या घालत होते. मग थांबले.

माझ्या तळव्यावर टकटक झाली.

"हेझेल." घसा खाकरला. "एक विचारायचं होतं. म्हणजे... टपालाचं नाही. मी तुला आवडतो का? बोलू नकोस, हात मोकळे नसतील. डावा म्हणजे हो."

मी पाना थांबवला. एक सेकंद गेला. दोन गेले.

"हेझेल?"

आवाज बदलला होता. मी ओळखला तो आवाज. ही वाट पाहणं काय असतं ते त्याला कळू दे म्हणून मी मुद्दाम आणखी एक सेकंद घेतला. एकच, त्याहून जास्त मलाही जमलं नाही.

मग डावा बूट हलवला.