रंग न बदलणारं बटण

पहिल्याच भेटीत वर्षालीने गजेंद्रला हमाल समजून संत्र्याचं क्रेट उचलायला लावलं. त्याने ते मुकाट्याने ट्रकपर्यंत नेलं, हात पुसले आणि मग सांगितलं की, आपण अकोल्याहून संगणक दुरुस्तीला आलो आहोत.

"मंग अगोदर काहून नाई बोलले?" ती म्हणाली. वरूडच्या मानाने ही माफीच होती.

वर्षाली नुकतीच अमरावतीहून पदवी घेऊन मामांच्या, म्हणजे महादेवरावांच्या, पॅकिंग हाऊसवर आली होती. येताच तिने लिनक्सच्या जुन्या संगणकात साफसफाई केली. एक फोल्डर इकडचं तिकडे गेलं आणि वजन नोंदवायच्या प्रोग्रामची खिडकीच उघडेना.

गजेंद्रने ते फोल्डर जागेवर आणलं आणि समजावलं. खिडक्या-बटणं बनवणाऱ्या 'टीके' या साधनाकडे काही चल, म्हणजे माहिती साठवायचे नाव लावलेले डबे, जन्मापासूनच असतात. टीके-लायब्ररी हा त्याचं सामान कुठे आहे ते सांगतो, टीके-व्हर्जन त्याची आवृत्ती. स्थळाची माहिती ऐकावी तसं ती ऐकत होती.

"आन् हे टीके-स्ट्रिक्ट-मोटिफ?"

"एरवी शून्य असते. एक केलं, की माउसचा बाण जवळ आला तरी बटण रंग बदलत नाई."

"म्हंजे भाव देत नाई."

"दाबलं तं काम करते. फक्त... जवळ आल्यावर काही दाखवत नाई."

दोघंही पडद्याकडे पाहत राहिले—कामाला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

त्यानंतर वरूडहून तक्रारी सुरू झाल्या. बटण रंग बदलत नाही. महादेवरावांनी बटणाला रंग असतो हेही कधी पाहिलं नव्हतं. पण वर्षालीची नजर तीक्ष्ण. 'एकाचं शून्य करा' हे गजेंद्र फोनवर सांगू शकला असता. त्याऐवजी तो अकोल्याहून अमरावती, तिथून वरूड अशी एसटी बदलत यायचा, शून्य करायचा, तिने सोललेली संत्री खायचा आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने परत जायचा.

मग महादेवरावांनी जाहीर केलं, की पुढच्या बहारापासून वजनाचं काम मोबाइलवर होणार. संगणक भंगारात.

त्याच दुपारी वर्षालीचा अकोल्याला फोन गेला. दुसऱ्या दिवशी गजेंद्र आला. आकडा पुन्हा शून्याचा एक झालेला होता. या वेळी त्याने तो बदलला नाही.

"हा आपोआप एक होत नाई," तो म्हणाला.

"माहीत आहे मले."

"आन् शून्य कराले अकोल्याहून यावं लागत नाई."

"तुमाले माहीत होतं, तं येत काहून होते?" ती थांबली. मग हळूच— "संगणक गेल्यावर मी काय बिघडवून बोलावू तुमाले?"

गजेंद्रने कीबोर्डवरची धूळ बाहीने पुसली.

"काही बिघडवू नका. मले तुमी आवडता. रविवारी आईले घेऊन येतो."

वर्षालीचे कान संत्र्यासारखे झाले. पण आवाज शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत नीट पोचला.

"मामा, रविवारी पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले."

"कोण?"

"हेच."

महादेवरावांनी फळावरचा हात न काढता गजेंद्रला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग आज कशाले आला?"

"रविवारचं विचाराले," गजेंद्र म्हणाला.




"मंग विचार न बाप्पा," मामा म्हणाले, "आमी कुठं नाई म्हटलं?"