शिकागोत कुणीतरी ‘हं’ म्हणतंय

कस्तुरीने स्टुडिओतला दिवा लावला, आणि जमिनीवर पडलेलं प्रेत म्हणालं, “शूऽऽ… दिवा बंद कर, प्लीज.”

तिने मुकाट्याने बंद केला. एरवी पाल दिसली तरी अख्खी कॉलनी गोळा करणारी ही नागपूरची मुलगी, पण त्या दिवशी तोंडातून ब्र निघाला नाही. खोलीच तशी होती. भिंतींना, छताला, दाराला, सगळीकडे जाड करड्या गाद्या. आत पाऊल टाकलं की बाहेरचं जग तिथल्या तिथे बंद व्हायचं आणि स्वतःच्याच छातीची धडधड कानात वाजू लागायची. आता त्या अंधारात आणखी कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता.

“मी रूम ऐकतो आहे,” प्रेत कुजबुजलं. “प्रत्येक रूमचा शांतता वेगळा असतो. तो पण रेकॉर्ड करावा लागतो.”

“वेगळी असते,” कस्तुरीही कुजबुजली. “शांतता… ती.”

“ओह. ती शांतता.” जरा थांबून, “सॉरी. माझा मराठी जरा तुटकी आहे.”

आता मात्र तिला हसू फुटलं. भुताचं मराठी इतकं कच्चं नक्कीच नसणार!

पुन्हा दिवा लागला तेव्हा जमिनीवरून एक लांबलचक मुलगा उठून बसला. गळ्यात हेडफोन, केसांना गाद्यांचा कापूस. यतीन, साउंड इंजिनीअर. जन्म लेस्टरचा, आई-बाबा मूळचे डोंबिवलीचे. हसायच्या आधी तो खाली बघायचा आणि मग हसायचा. कस्तुरीने ते पहिल्याच दिवशी टिपलं, आणि टिपलं म्हणून स्वतःवरच जरा चिडली.

इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या बाहेर, जिथे सपाट पाणथळ मुलूख सुरू होतो, तिथे धान्याच्या एका जुन्या कोठारात त्यांची कंपनी होती. शहरांचे ऑडिओ गाइड बनवायची. कानात आवाज घालायचा आणि चालू लागायचं, शहर आपोआप दिसत जातं. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांसाठी आता मराठीतून शिकागो करायचं होतं. लिहायचं कस्तुरीने, बोलायचंही तिनेच. दोघांपैकी एकानेही शिकागो पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

काचेपलीकडे यतीन अंगठा वर करायचा आणि ती सुरू व्हायची. “नमस्कार. शिकागोत तुमचं स्वागत आहे. इथला वारा दांडगट आहे, तेव्हा मफलर सांभाळा…”

दुसऱ्या दिवशी ते ऐकायला दोघं शेजारी बसले. खांद्याला खांदा लागेल-न लागेल इतक्या अंतरावर. स्पीकरमधून तिचाच आवाज येत होता, “या नदीची गंमत ठाऊक आहे का? माणसांनी हिचा प्रवाहच उलटा फिरवला. पूर्वी ही तळ्याला मिळायची. आता तळ्याकडून निघून उलटी वाहते.”

“हं,” कुणीतरी म्हणालं.

कस्तुरीने यतीनकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते आणि नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिळलेली होती.

“हे कोण बोललं?”

“…काय?”

त्याने मागे जाऊन पुन्हा लावलं. नदी उलटी वाहते, क्षणभर शांतता, आणि मग हलक्या, खोल पुरुषी आवाजात, “हं.” अगदी गोष्ट ऐकणाऱ्या माणसाने द्यावा तसा हुंकार. पुढे उंच इमारतीच्या काचेच्या बाल्कनीचं वर्णन होतं. “पायाखाली काच आहे, आणि काचेखाली अख्खं शहर. खाली बघायची हिंमत आहे ना?”

“हं.”

कस्तुरीने खुर्ची मागे सरकवली. तिची आत्या गोष्ट सांगायला बसली की पोरांना दरडावून हुंकार द्यायला लावायची. म्हणायची, तुम्ही नाही दिलात तर दुसरं कुणीतरी देईल, मग रडू नका. काचेच्या अलीकडे बसून शिकागोची गोष्ट सांगताना कस्तुरीला हुंकार द्यायला तरी कोण होतं?

पण भीतीचंही काही खरं नसतं. चार दिवसांत तिची सवय झाली, आणि सवयीची गोडी लागली. ती मुद्दाम वाक्यांमध्ये जागा सोडू लागली. एकदा काम संपल्यावर माइकजवळ वाकून तिने हळूच विचारलं, “इथलाच का रे तू?” दुसऱ्या दिवशी त्या जागी होतं, “हं.” मग रोजचा खेळच झाला. “माझा आवाज आवडतो तुला?” “हं.” “रोज ऐकशील?” जरा वेळाने, जड झालेलं, “हं…”

“तू त्याच्याशी लाडात बोलते,” यतीन एकदा तुटकपणे म्हणाला.

“बोलते. तो निदान उत्तर तरी देतो.”

तो खाली बघत राहिला, पण नंतर हसला नाही.

मग एका संध्याकाळी तिने माइकला विचारलं, “मेलायस का रे तू?” दुसऱ्या दिवशी त्या जागी काहीच नव्हतं. फक्त खोलीची शांतता, गाद्यांआडून दबा धरून बसल्यासारखी. ती शांतता ऐकताना कस्तुरीच्या मानेवरचे केस उभे राहिले. यतीन घाईघाईने उठून पाणी आणायला गेला.

तिच्या मनाला मात्र वेगळाच घोर लागला होता. हे काम झालं की कंपनी तिला कायमचं शिकागोच्या ऑफिसात पाठवणार होती. मॅनेजर नीना म्हणाली, असा चान्स कुणी सोडतं का? आई फोनवर म्हणाली, जा गं, विचार कसला करतेस! यतीनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हं. ग्रेट.” तो सगळ्यांना, सगळ्याच गोष्टींना ‘हं’ म्हणायचा. सगळे जा म्हणत होते, आणि तिला वाटायचं, एकाने, फक्त एकाने ‘नको जाऊस’ म्हणावं. तो एक कोण, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी दोघं गाइड चालून बघायला निघाले. बाहेर देण्याआधी प्रत्येक गाइड पायांनी तपासायचा, हा त्यांचा नियम. किती चाललं की कुठलं वाक्य यावं, हे खुर्चीत बसून कळत नाही. शिकागो लांब होतं, म्हणून केंब्रिजमधलं नदीकाठचं मोठं कुरण निवडलं. अंतरं तेवढीच ठेवायची, बाकीचं शहर मनात उभं करायचं.

धुकं असं पडलं होतं की पुढे केलेला हातही परका वाटावा. दोघांनी आपापल्या फोनवर एकाच वेळी ट्रॅक सुरू केला. यतीन मागून येत होता. त्याच्या बुटांची चपचप थोडा वेळ ऐकू आली… मग नाही आली.

“यतीन?”

 कानात तिचाच आवाज मजेत बोलत होता. “डावीकडे बघा. म्युझियमच्या दारात दोन सिंह तुमची वाट बघताहेत.”

डावीकडे धुकं हललं. त्यातून एक प्रचंड तांबूस डोकं बाहेर आलं, तिच्या तोंडावर गरम श्वास सोडला… आणि रवंथ करू लागलं. गाय! कस्तुरी किंचाळली आणि मग एकटीच खुळ्यासारखी हसली. “हं,” कानातला म्हणाला. तोही हसतोय असं तिला वाटलं.

“आता सरळ चला,” तिचा आवाज सांगत होता. “समोर तळं आहे, पण समुद्र वाटावा एवढं. घाबरू नका. आणखी पुढे या… अगदी काठापर्यंत या.”

तिने पाऊल उचललं.

“अंहं,” कानात कुणीतरी म्हणालं.

तिचं पाऊल हवेतच थांबलं. आजवर त्याने एकदाही नकार दिला नव्हता. तिने खाली पाहिलं. धुकं जरासं विरलं, आणि बुटाच्या टोकाखाली काळं, न हलणारं पाणी दिसलं. नदी. कठडा नाही, काही नाही.

“कस्तुरी!” यतीन धावत आला आणि तिचा दंड पकडून त्याने तिला मागे ओढलं.  “वेडी आहेस? तिथे पाणी आहे!”

“त्याने सांगितलं मला,” तिने कानाकडे बोट केलं. “त्याने ‘अंहं’ म्हटलं…”

यतीनने तिचा दंड सोडला. “तो… मी आहे,” तो म्हणाला. “सगळे ‘हं’ माझे आहेत. लहानपणी आजोबा गोष्ट सांगायचे, मी ‘हं’ नाही केला की ते थांबायचे. तुझी ट्रॅक एडिट करताना आपोआप झालं, माइक ऑन राहिला. मग तू इतकी घाबरली की सांगायला धीर नाही झाली. आणि मग तू त्याच्याशी बोलायला लागली… माझ्याशी एवढं कधीच नाही बोलत.”

“म्हणून रोज—?”

“‘हं’ला मेल-फिमेल नसतं ना,” तो खाली बघत म्हणाला. “मराठीतला तो एकच वर्ड माझ्याकडून चुकत नाही.”

तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्हींच्या मध्ये तिने त्याचा मफलर मुठीत धरून ठेवला. “आणि मेलायस का विचारलं तेव्हा?”

“तेव्हा ‘नाही’ म्हणायचं होतं. आय कान्ट. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही.”

“मग आत्ता तर म्हणालास!”

“कधी?”

“अंहं. आत्ता. कानात.”

“कस्तुरी… प्रॉमिस. मी तसं कधी रेकॉर्ड नाही केलं.”

एकेक इअरबड कानात घालून दोघांनी ती जागा पुन्हा ऐकली. डोकी इतकी जवळ की त्याच्या पापण्यांवरचं दंव तिला दिसत होतं. “अगदी काठापर्यंत या,” तिचा आवाज म्हणाला. पुढे काहीही नव्हतं. नुसती शांतता… आणि ती त्या खोलीचीही नव्हती.

तेवढ्यात फोन थरथरला. नीनाचा मेसेज. ‘शिकागोला आज कळवायचंय. यस ऑर नो?’

कस्तुरीने पडदा त्याच्यासमोर धरला. आता लाजून काय मिळणार होतं? “यतीन, तुझ्यावर जीव जडलाय माझा. सगळे जा म्हणतात. तू सांग. जाऊ?”

त्याने तोंड उघडलं. तो नेहमीचा ‘हं’ ओठांपर्यंत आलेला तिला दिसला. त्याने तो गिळला. डोळे मिटले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच—

“अंहं.”

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच आवाज. मध्ये तसाच चिरकलेला, शेवटी तसाच खोल गेलेला. हे तिने मघाशीच ऐकलं होतं, नदीच्या काठावर, त्याने ते म्हणायच्या आधी. कुठलीशी नदी उलटी वाहत आली होती खरी.

“नको जाऊस,” तो म्हणाला. “माझा जीव… माझी जीव… तुझ्याकडे आहे. जे जेंडर असेल ते.”

तिने बोटं उबेसाठी त्याच्या खिशात घातली. धुक्यात कुठेतरी गाय हंबरली.

“हं,” कस्तुरी म्हणाली.