खोलीचं मिनिट

पांढुर्ण्यात स्टेशनमागं, कापसाच्या जुन्या गोदामात माझा स्टुडिओ आहे. देवका स्टुडिओ. देवका म्हणजे माझी आई. बाबांनी, म्हणजे प्रभाकररावांनी, एकोणनव्वद साली तो काढला, बायकोचं नाव दिलं, आणि बायकोचा आवाज मात्र कधी रेकॉर्ड केला नाही. विचारलं की म्हणायचे, "तिचा आवाज माह्या घरचा आहे. बजारात काहून मांडू?" या गोष्टीचा मला लहानपणापासून राग आहे. मोहगावची भजनी मंडळं, लोधीखेड्याचा खडी गंमतीचा तमाशा, निवडणुकीचा प्रचार, संत्र्यावरच्या औषधांच्या जाहिराती, साऱ्या जगाच्या कॅसेटी निघाल्या. पहाटे जात्यावर गाणारी माझी आई तेवढी राहिली.

बाबांची एक शिस्त मात्र मी पाळतो. गाण्याआधी सगळ्यांना बाहेर काढायचं आणि रिकामी खोली एक मिनिट रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची आपली बारीक घरघर असते. ती हाती असली की नंतर गाण्यातून काढून टाकता येते. त्याला आम्ही खोलीचं मिनिट म्हणतो.

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना लाकडी फळ्या आहेत आणि फळ्यांमागं कापूस ठासलेला. तीन वर्षांमागं बाबा गेले. त्याच महिन्यात गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत ओलीनं खराब झाली, तिथला कापूस सडला. आमच्याकडं गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत, जाम नदीवर नेऊन टाकतात. माझ्यानं काही टाकवली नाही. रात्रंदिवस ज्या खोलीत राबले तिथंच राहू देत, म्हटलं. गादी उसवली आणि कापूस त्या भिंतीत भरला. कापूस कमी पडला, वर वीतभर जागा रिकामी राहिली, ती तशीच ठेवून फळ्या ठोकल्या. कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

यंदा मार्चमध्ये आईच्या घशात गाठ निघाली. सोमवारी नागपूरला ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तिला स्टुडिओत घेऊन आलो. बाबांनी जे केलं नाही ते आज करायचंच, असा माझा हट्ट होता.

"आता काय गाऊ बापू? घसा पाह्य ना कसा झाला."

"चार ओव्या गा. चारच. जात्यावर म्हणत होतीस त्या."

"चवथीत त्यायचं नाव येते," ती म्हणाली आणि या वयातही लाजली. एरवी तिनं बाबांचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही.

इटारसीकडची गाडी जाऊ दिली. आईला बाहेर बाकावर बसवलं, हेडफोन लावला आणि खोलीचं मिनिट सुरू केलं.

कोणीतरी श्वास घेत होतं. संथ, झोपलेल्या माणसाचा.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सालं वायरच भंगार असेल, म्हणून वायर बदलली. माइक बदलला. पंखा बंद केला. पुन्हा ऐकलं तर श्वास एक नव्हता, पुष्कळ होते. लग्नघरात दुपारी ओळीनं माणसं झोपावीत, तसे.

मशीन जुनं झालं असं मनाला सांगितलं आणि आईला आत बसवलं. तिची पाठ त्या भिंतीला होती. तिनं पहिली ओवी धरली आणि हेडफोनमधले सगळे श्वास थांबले. बंद पडले नाहीत, थांबले. मन लावून ऐकणारा माणूस दम धरतो ना, तसे.

तिसऱ्या ओवीनंतर ती खोकली. मी रेकॉर्डिंग ऐकलं. तिचा आवाज पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा होता. पुन्हा गायला लावलं, तर आवाज आणखी लांब गेला. तिसऱ्यांदा फक्त तिच्या बांगड्या वाजल्या. बाकी श्वास.

"वढून राहिलं कोनी," आई म्हणाली. तिचा आवाज आता खोलीतही जेमतेम ऐकू येत होता. "मांगून."

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन नत्थूजींना फोन लावला. नत्थूजी जुने गादीवाले. या भिंती त्यांनीच भरल्या होत्या.

"काका, भिंतीत कापूस कुठला घातला होता?"

"नदीवरचा. लोकं गाद्या टाकून देत, प्रभाकर उचलून आने, मी पिंजून देओ. नवा कापूस कोनाले परवडत होता बाबू? पन त्याची एक अट होती. घरच्या मानसाची गादी भिंतीत नाही घालाची."

"काहून?"

"थे म्या इचारलं नाही." मग हळूच म्हणाले, "तू काहून इचारून राहिला?"

मी फोन ठेवला. आत जाऊन आईच्या पाठीमागची खालची फळी पेचकसानं उचकटली आणि फटीतून कापसात हात घातला.

गरम होता. आत्ताच कोणी उठून गेलं असावं, असा गरम.

"राहू दे, बापू," आई म्हणाली. "झोप मोडन."

तिचं शेवटचं बोलणं तेच. संध्याकाळपर्यंत आवाज पुरता गेला होता, ऑपरेशनच्या आधीच.

ऑपरेशन चांगलं झालं. आई घरी आली, जेवू लागली. चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून पाटी आणून दिली. पाटीवर लिहून सुनेला भाजीतलं मीठ सांगू लागली. मला वाटलं, सुटलो.

महिन्याभरानं सौसरचं भजनी मंडळ आलं. सगळ्यांना बाहेर काढलं आणि खोलीचं मिनिट घेतलं.

आधी श्वास आले. मग ते थांबले.

मग माझी आई गायली.

आवाज जवळचा होता, स्वच्छ, तरणा. चौथी ओवी. शेवटी तिनं नाव घेतलं, प्रभाकर. आणि तिच्या अगदी शेजारी एक पुरुष समाधानानं खाकरला. ते खाकरणं मी त्रेचाळीस वर्षं ऐकलं होतं.

मंडळाला परत पाठवलं. ते मिनिट पुसायला माझा हात धजेना. आईचा आवाज जगात तेवढाच होता. मोबाइलमध्ये घेतलं, घरी आलो आणि तिच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं. गालात हसली. पाटी ओढली आणि लिहिलं,

"हे त आज सकाळचं आहे."

तिनं पदरानं पाटी पुसली आणि सावकाश, गोल अक्षरात पुन्हा लिहिलं,

"ते म्हनतात, वर वीतभर जागा आहे अजून."